उसना खर्ज

७ डिसेंबर २०२४ ला पॅरिसमधलं नोत्र-दाम पुन्हा उघडलं. तो सोहळा मी पुण्यात, मध्यरात्रीच्या सुमारास, पलंगावर आडवी होऊन फोनवर बघितला. २०१९ च्या आगीतून तिथला मोठा ऑर्गन जळता जळता वाचला होता, पण त्याच्या सुमारे आठ हजार पाइपांवर शिशाची धूळ बसली होती. पाच वर्षं तो मुका होता. त्या रात्री आर्चबिशपांनी त्याला हाक मारली, जागा हो म्हणून. वरच्या सज्जातून ऑर्गनने उत्तर दिलं. अशी आठ वेळा हाक आणि आठ वेळा उत्तर. एका उत्तरात इतका खोल खर्ज लागला की माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये डोकं ठिकाणावर आलं. फोनचा स्पीकर नखाएवढा. दोनशे हर्ट्झच्या खाली त्याच्यातून फारसं काही निघतच नाही. मग मी ऐकलेला खर्ज आला कुठून?

तो माझ्या डोक्यातून आला. कोणत्याही स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर वाजत असतात. मूळ स्वर गाळला आणि नुसते उपस्वर ऐकवले, तरी मेंदू त्यांच्यातलं अंतर मोजतो आणि मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. फोनवर तुम्ही ऐकता त्या जवळजवळ प्रत्येक गाण्याचा खर्ज असा उसना असतो. तुमच्या फोनमध्ये तबल्याचा बायां घुमतो ना, तोही बराचसा तुमच्याच मेंदूचा.

हे सगळं मला एवढ्यासाठी महत्त्वाचं वाटतं की दोन वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला गेला होता. मी त्याचं उत्तर फार पटकन दिलं होतं.

बारा रांगा आणि एक घुंडी

तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी आठ महिने न्यू जर्सीत ऑनसाइट होते. टीममधली एक मैत्रीण तिच्या गावातल्या चर्चच्या गायकवृंदात गायची. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर तालमीला गेले. आठवडाभर हीटर मंद ठेवलेला, आत कोट न काढता बसायची वेळ. समोर एक जुना, लहानसा पाइप ऑर्गन, जेमतेम बारा रांगांचा. पण वाजायला लागला तेव्हा आवाज बाराच्या मानाने फार मोठा वाटला. मैत्रीण हळूच म्हणाली, "खालचे सूर डिजिटल आहेत. स्पीकर मागे लपवलेत."

म्हणजे हा हायब्रिड ऑर्गन. काही स्वर खऱ्या पाइपांतून, हवेने. काही स्वर ध्वनिमुद्रित नमुन्यांतून, स्पीकरने. वाजवणाऱ्यासमोर पट्ट्या त्याच, स्टॉपच्या खिट्ट्याही एकसारख्या. बसलेल्या माणसाला कळू नये असाच बेत.

मला मात्र कळलं, कारण सूर लागला नव्हता. खर्जात एक हेलकावा येत होता, सेकंदाला साधारण एक, तंबोऱ्याच्या दोन तारा अगदी थोड्याशा चुकल्या की येतो तसा. वाजवणारे आजोबा सत्तरीचे असावेत. त्यांनी न थांबता डावा हात खाली नेला आणि एक छोटी घुंडी किंचित फिरवली. हेलकावा संथ झाला, मग गेला.

तालमीनंतर त्यांनी सांगितलं. थंडीत पाइप उतरतात, डिजिटल उतरत नाही. म्हणून दर वेळी डिजिटलला खाली आणून पाइपांशी जुळवावं लागतं. मग म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? मग एक सांग." पाइपांखालच्या हवेच्या पेट्यांमधलं चामडं कडक झालं होतं, काही सूर वाजत नव्हते, काही बंद होत नव्हते. चर्चकडे एकाच कामापुरते पैसे होते. चामडं बदलायचं, की त्या रांगा बंद करून त्यांच्या जागी डिजिटल घ्यायचं?

मी म्हणाले, डिजिटल. चामडं नको, उंदीर नको, हवामान नको. शिवाय त्याच पैशांत दुप्पट-तिप्पट स्टॉप. प्रश्न सोपा वाटला होता.

हा लेख म्हणजे त्या उत्तराची फेरतपासणी.

दहा मीटरचा स्वर

लोक डिजिटलकडे का वळतात हे समजायला थोडं गणित लागतं. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या पाइपचा स्वर त्याच्या लांबीवर ठरतो. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली. ऑर्गनच्या पट्ट्यांवरचा सगळ्यात खालचा सा, म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ, काढायला आठ फुटी पाइप लागतो. त्याच्या खालचं सप्तक सोळा फूट. त्याच्याही खालचं बत्तीस फूट, म्हणजे जवळपास दहा मीटर, तीन मजली इमारतीची उंची. त्यातून निघणारा स्वर १६ हर्ट्झच्या आसपासचा. तो कानाला कमी आणि छातीला, बाकाच्या लाकडाला जास्त कळतो.

आता असे बारा पाइप लागतात, फक्त एका सप्तकासाठी. लाकूड किंवा धातू, त्यांचं वजन पेलणारी जमीन, त्यांना पुरेल एवढी हवा, आणि मुळात छप्पर तेवढं उंच हवं. गावातल्या चर्चला हे परवडत नाही. तोच स्वर एक चांगला ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर देऊ शकतो. एवढ्या खालच्या स्वरात पाइप आणि स्पीकर यांतला फरक ओळखणं भल्याभल्या कानांना कठीण जातं. म्हणून हायब्रिडमध्ये सगळ्यात आधी डिजिटल होतो तो खर्ज.

याला 'फसवणूक' म्हणणारे बरेच आहेत. त्यांचा राग मला समजतो, पण त्यांचा इतिहास कच्चा आहे.

एक तर ऑर्गनमध्ये वीज आणि संगणक कधीच घुसलेत. पूर्वी ऑर्गनमागे भाता मारायला माणसं असत, कधी पोरं. विजेचा पंखा आला, ती गेली. त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. नोत्र-दामच्या ज्या ऑर्गनने माझ्या अंगावर काटा आणला, त्याच्या पट्ट्या आणि पाइप यांच्यामधला निरोप १९९२ पासून संगणकामार्फत जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर आज्ञा डिजिटल आहे, आवाज हवेचा आहे. खरा वाद आज्ञेबद्दल नाहीच. आवाज नेमका कुठे जन्मतो, वाद त्याचा आहे.

दुसरं म्हणजे लबाडी ही पाइप ऑर्गनच्या परंपरेतच आहे. दर्शनी भागात झळकणारे कितीतरी पाइप मुके असतात, नुसते शोभेचे. पाइपचं एक तोंड बंद केलं की अर्ध्या लांबीत तोच स्वर निघतो, रंग मात्र वेगळा. आणि सगळ्यात भारी युक्ती बत्तीस फुटी स्वराचीच आहे. सोळा फुटी पाइप आणि त्याचा पंचम देणारा साधारण पावणेअकरा फुटी पाइप एकत्र वाजवायचे. एक ३३ हर्ट्झच्या जवळ, दुसरा ४९ च्या जवळ. दोघांतला फरक १६. कानाला तिसरा, न वाजलेला स्वर ऐकू येतो. अठराव्या शतकात जर्मनीतले पाद्री-संगीतकार ॲबे फोग्लर यांनी या कल्पनेचा हिरिरीने प्रचार केला. मोठे पाइप काढून टाका, कान बाकीचं बघून घेईल, असा त्यांचा हिशोब.

म्हणजे माझ्या फोनने त्या रात्री जे केलं, ते काम ऑर्गन बनवणारे अडीचशे वर्षं करत आहेत. उसना खर्ज ही डिजिटलची देणगी नव्हे.

पण या जुन्या युक्तीत एक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. अशा स्टॉपच्या खिट्टीवर बहुतेकदा 'रिझल्टंट' असं लिहिलेलं असतं. उसनं घेतलंय हे वाजवणाऱ्याला सांगितलेलं असतं.

१९३७ ची परीक्षा

"फरक कळत नसेल तर फरक आहे कुठे?" हा डिजिटलच्या बाजूचा सगळ्यात जोरदार युक्तिवाद. त्याची एकदा रीतसर सुनावणी झाली आहे.

१९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंड यांनी विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन बाजारात आणला. पाइप नाहीत, फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांपासून स्वर. जाहिराती अशा की पाइप ऑर्गनला हा तोडीस तोड. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. त्या सुनावणीत शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये कानांची परीक्षा झाली. एकीकडे साधारण २,६०० डॉलरचा हॅमंड, दुसरीकडे ७५,००० डॉलरचा स्किनर पाइप ऑर्गन. संगीतकार आणि सामान्य श्रोते यांना बसवलं आणि विचारलं, आत्ता कोणता वाजला?

हॅमंडच्या वकिलांचं म्हणणं, जवळपास निम्म्या वेळी लोक चुकले किंवा अंदाजाने बोलले. कमिशनच्या साक्षीदारांचं म्हणणं, हॅमंडच्या माणसांनी पाइप ऑर्गनच हॅमंडसारखा वाटेल असा वाजवायला लावला. १९३८ मध्ये कमिशनने काही दावे जाहिरातींतून काढायला लावले, त्यात दहा हजार डॉलरच्या पाइप ऑर्गनशी बरोबरीचा दावाही होता. हॅमंड यांनी नंतर सांगितलं की खटल्याने एवढी प्रसिद्धी झाली की वाढलेल्या विक्रीतून खर्च भरून निघाला.

ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राच्या विचारशक्तीबद्दल अशीच पडद्याआडची परीक्षा सुचवली ती १९५० मध्ये. त्याच्या तेरा वर्षं आधी ऑर्गनची झाली होती. आणि दोन्हीची खोट एकच. पडद्याआडची परीक्षा तुकड्यांची असते. दहा सेकंदांचा सूर ऐकवला तर मीही नापास होईन. पण चर्चमध्ये ऑर्गन दहा सेकंद वाजत नाही. तासभर वाजतो, शंभर माणसं त्याच्यावर गातात, आणि हे दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. वाद्याची पारख तिथे होते. तरीही या परीक्षेवरच सगळी बाजू लढवली जाते, कारण तुकडा रेकॉर्ड करता येतो आणि तुकडा विकता येतो.

एक श्वास, दोन श्वास

मग फरक आहे तरी कुठे? हे शोधायला मी पुण्यात परतल्यावर लॅपटॉपवर ग्रँडऑर्ग टाकलं. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. जोडीला एक साधा मिडी कीबोर्ड. खऱ्या चर्चमध्ये पाइपन् पाइप रेकॉर्ड करून केलेले नमुने त्यात भरता येतात. सूर सोडल्यावरची घुमारीसुद्धा वेगळी रेकॉर्ड केलेली असते. हेडफोन लावले की धायरीतला टू बीएचके गायब आणि तुम्ही दगडी कमानींखाली. मी रात्रीचे दोन वाजवायचे. खोटं का बोलू, ते फार सुंदर आहे.

पण काही आठवड्यांनी एक गोष्ट जाणवायला लागली. दहा बोटं ठेवली काय आणि एक ठेवलं काय, प्रत्येक सूर तसाच, ठणठणीत. खऱ्या ऑर्गनमध्ये सगळे पाइप एकाच हवेवर जगतात. वरचा नाजूक सूर चालू असताना खाली मोठा पाइप उघडला की तो हवेचा मोठा घोट घेतो. दाब क्षणभर दबतो आणि वरचा सूर किंचित थरथरतो. संगीतात याला दोषही म्हटलंय आणि प्राणही. आमच्या भाषेत पाइप ऑर्गनला सामायिक स्थिती असते. एका भागाला काही झालं की दुसऱ्याला ते कळतं. नमुने वाजवणाऱ्या यंत्रात प्रत्येक सूर एकटा असतो. शेवटी फक्त बेरीज होते.

इथे डिजिटलवाले म्हणतील, आम्ही हवाही गणिताने उभी करतो. खरं आहे. हॉप्टवर्क नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हवेच्या दाबाचं गणिती प्रतिरूप आहे आणि ते बरंच पटतं. पूर्ण डिजिटल ऑर्गनचा बचाव त्याने होऊ शकतो. हायब्रिडचा होत नाही. कारण हायब्रिडमध्ये एका बाजूला खरी हवा आणि दुसऱ्या बाजूला गणितातली हवा किंवा हवाच नाही. दोघांना एकमेकांची खबर नाही. डिजिटल खर्ज कितीही मोठा लागला तरी पाइपांचा श्वास दबत नाही. पाइप धापा टाकत असले तरी खर्ज आपला स्थिर. वाद्य एक, श्वास दोन. माझ्या मते हायब्रिडचा खरा दोष हा आहे. डिजिटल खोटं आहे हा आरोप मला पोकळ वाटतो. दोन अर्धी एकमेकांना ऐकत नाहीत हा आरोप मला टिकणारा वाटतो.

तापमानाचंही तसंच. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो आणि पाइपचा स्वर साधारण तीन सेंट चढतो. एक सेंट म्हणजे पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. न्यू जर्सीतल्या त्या संध्याकाळी चर्च ठरलेल्या तापमानापेक्षा आठ अंशांनी थंड होतं असं धरा. म्हणजे पाइप चोवीस सेंट उतरलेले. ६५ हर्ट्झच्या स्वरात हा फरक एक हर्ट्झच्या आत-बाहेर. मी ऐकलेला सेकंदाला एक हेलकावा तो हाच. आता काही हायब्रिड तापमापक लावून डिजिटलला आपोआप जुळवून घेतात. तिथे एक माणूस ते हाताने करत होता.

वॉल स्ट्रीटची पंधरा वर्षं

हायब्रिड सोडून सगळंच डिजिटल केलं तर? याचं सगळ्यात गंभीर उदाहरण न्यू यॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरचं ट्रिनिटी चर्च. ११ सप्टेंबर २००१ ला जवळचे दोन टॉवर कोसळले. त्या धुळीने तिथल्या एओलियन-स्किनर ऑर्गनचं इतकं नुकसान केलं की तो वापरातून काढावा लागला. २००३ मध्ये त्याच्या जागी मार्शल अँड ओगलट्री या कंपनीचा डिजिटल ऑर्गन आला. कंपनीचं ते पहिलंच वाद्य. लिनक्सवर चालणारे संगणक, खऱ्या पाइपांचे बारकाईने घेतलेले नमुने, ठिकठिकाणी स्पीकर. तो तात्पुरता म्हणून आला होता, आणि इतका चांगला निघाला की पाइपवाल्यांच्या गोटात खळबळ उडाली. पुढे याच कंपनीने कॅमरन कार्पेंटर या वादकासाठी फिरता डिजिटल ऑर्गन बनवला आणि २०१४ मध्ये लिंकन सेंटरला त्याचा पहिला कार्यक्रम झाला.

२०१८ मध्ये ट्रिनिटीचं दालन नूतनीकरणासाठी बंद झालं. नव्या ऑर्गनसाठी चर्चने पुन्हा पाइपच निवडले. जर्मनीचे ग्लाटर-गोट्स आणि लॉस एंजेलिसचे मॅन्युएल रोझालेस यांच्याकडे काम गेलं, लॉस एंजेलिसच्या डिस्ने हॉलच्या ऑर्गनमागची हीच जोडी.

याचा अर्थ डिजिटल हरलं असा मी काढत नाही. ट्रिनिटी हे श्रीमंत चर्च आहे, त्यांना निवड करता आली. मला त्यातली पंधरा वर्षं दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये पंधरा वर्षं म्हणजे म्हातारपण. भाग मिळत नाहीत, लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो, जुनी फाइल नव्या यंत्रावर उघडत नाही. मी स्वतः रोज नऊ वर्षांपूर्वीच्या कोडला हात लावायला घाबरते. स्वित्झर्लंडमध्ये सियोंच्या व्हालेर बॅसिलिकात पंधराव्या शतकातला एक ऑर्गन अजून वाजतो. त्याचे सुटे भाग कोणत्याही गोदामात नाहीत. शिसं, कथील, लाकूड, चामडं आणि ते हाताळणारा एक कारागीर, एवढं पुरतं.

त्या आजोबांना उत्तर देताना मी डिजिटल स्वस्त म्हणाले होते. मी आजची किंमत सांगितली होती. पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावी लागणारी किंमत सांगितली नव्हती. धंद्यात राहून मला ती माहीत असायला हवी होती.

पेटीची गोष्ट

इथे मला आपली पेटी आठवते. हार्मोनियम हे मुळात पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून युरोपात पसरलेलं वाद्य. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबँ यांनी त्याचं पेटंट घेतलं. ज्या लहान चर्चला पाइप परवडत नाहीत त्यांनी रीडवर भागवायचं. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला डिजिटल ऑर्गनच म्हणा. मिशनऱ्यांबरोबर तो इकडे आला. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असं रूप दिलं. आपल्या संगीत नाटकांत पायाने चालवायचा रीड ऑर्गन आला, तोही त्याच घराण्यातला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला स्वतःची गायकी दिली.

विरोधही झाला. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी घातली आणि ती तीन दशकं चालली. पण कीर्तनात, भजनात, बैठकीत पेटी वाजतच राहिली. आज ती कुणाची नक्कल आहे असं कुणाला वाटतं?

हॅमंडचंही तेच झालं. पाइपांची नक्कल म्हणून जन्मला. मग गॉस्पेलने उचलला, जॅझमध्ये जिमी स्मिथने उचलला. आता त्याच्या आवाजाचीच नक्कल करणारी सॉफ्टवेअर निघतात.

दोन्ही वाद्यं नकलेच्या कामातून सुटली आणि मग मोठी झाली. हायब्रिडमधल्या डिजिटल भागाला ही सुटका कधी मिळणारच नाही, कारण त्याची सगळी नोकरीच दिसू नये अशी आहे. तो उत्तम झाला म्हणजे कुणाला कळला नाही. जे कळायचंच नाही, त्याची स्वतःची शैली घडणार कशी? माझी हायब्रिडबद्दलची मुख्य तक्रार हीच. ती पावित्र्याची नाही, कल्पकतेची आहे.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही पुण्यातली मंडळी तरी काय करता? रियाजाला फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावता. अर्धा गळा, अर्धं डिजिटल. बरोबर आहे, तोही हायब्रिडच. पण तिथे ॲप लपलेलं नसतं, समोर पडलेलं असतं. आणि आपल्याकडेच दुसरं उदाहरण आहे. कितीतरी देवळांत आता आरतीला मोटरवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र असतं. बटण दाबलं की गजर. आवाज कमी नाही, उलट जास्तच. पण झांजा घ्यायला पुढे येणारी पोरं आता पुढे येत नाहीत. यंत्राने आवाज भरला आणि माणसांची जागाही भरली.

मग काय करावं?

'पाइपच हवेत' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ज्या चर्चमध्ये रविवारी चाळीस माणसं येतात त्यांना ते परवडत नाही. म्हणून हायब्रिड राहणार, आणि राहावा. मी त्याला तीन कसोट्या लावेन.

पहिली, कोण कोणाच्या मागे जातं? डिजिटलने पाइपांशी जुळवून घ्यायचं. गारठ्यात पाइप उतरले तर त्यानेही उतरायचं. उलटं झालं की वाद्य मेलं.

दुसरी, डिजिटलचा प्लग काढला तर काय उरतं? उरलेल्या पाइपांवर एक स्तोत्र नीट गाता आलं पाहिजे. आम्ही सर्व्हर असेच बांधतो. एक भाग पडला तर सेवा मंद व्हावी, बंद पडू नये. खर्ज, एखाददुसरा क्वचित लागणारा रंग, नंतर पाइप बसवायचे म्हणून रिकामी ठेवलेली जागा, हे सगळं डिजिटलकडे खुशाल द्या. कणा पाइपांचा ठेवा.

तिसरी, सांगा. खिट्टीवर लिहा. 'रिझल्टंट' लिहायला फोग्लरच्या वारसदारांना लाज वाटली नाही, तर 'डिजिटल' लिहायला का वाटावी?

या कसोट्या लावल्या तर न्यू जर्सीतलं माझं उत्तर चुकीचं ठरतं. तिथे खर्ज आधीच डिजिटल होता आणि ते ठीक होतं. मी मात्र कणाच काढायला सांगितला. चामडं बदलायला हवं होतं.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा मेसेज आला. काम झालं. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, ती सॉफ्टवेअरवाली मुलगीसुद्धा हेच सांगून गेली. हवेच्या पेट्या निघाल्या, दर्शनी पाइप शोभेला ठेवलेत. आता थंडीतही सूर जुळलेलाच असतो. आजोबा अजून वाजवतात. ती घुंडी आहे तिथेच आहे, फिरवायची वेळ येत नाही.

मी तिला रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं. तिने तीस सेकंदांचं पाठवलं. बसमध्ये फोन कानाला लावून मी ते चार वेळा ऐकलं. खर्ज छान लागला होता.